शालनताई आणि मुका साहेब

तांब्यांच्या घरातून रोज संध्याकाळी एका पुरुषाचा आवाज यायचा. इंग्रजी बोलायचा, भराभर, एकाच पट्टीत, मध्ये श्वास न घेता. मी नुकतीच लग्न होऊन कराडहून वसईजवळ गोखिवऱ्याला आले होते. आमच्या आणि तांब्यांच्या घरात एकच भिंत होती, आणि त्या घरात दोनच बायका राहतात असं मला सांगितलं होतं, म्हातारी आई आणि तिची अंध मुलगी. मग हा बोलणारा कोण, ते मला समजेना. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "रेडिओ असेल." पण रेडिओवर मधूनच गाणं तरी लागतं. इथे कधीच लागत नव्हतं.

शेवटी विरजण मागायच्या निमित्ताने मी त्यांचं दार वाजवलं. आजींनी दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. खोलीत दिवा नव्हता. खिडकीतून येणाऱ्या उजेडात टेबलाशी चाळिशी उलटलेली एक बाई ताठ बसली होती. अंगावर ऑफिसची साडी तशीच, हात कीबोर्डवर. समोर कॉम्प्युटरचा पडदा होता, पण काळा, बंद. त्या काळ्या पडद्याच्या दोन्ही अंगांना ठेवलेल्या स्पीकरमधून तो माणूस बोलत होता.

"ये," त्या म्हणाल्या. "नवीन बिऱ्हाड ना? हे आमचे साहेब. कॉम्प्युटरवर जे लिहिलेलं असतं ते मला वाचून दाखवतात. हुशार आहेत, पण मराठी नावं फार वाईट घेतात. माझंच ऐक."

त्यांनी काहीतरी बटणं दाबली. "शॅलन टॅम्बी," साहेब म्हणाले.

"आणि पडदा का बंद?" मी विचारलं.

"मला काय करायचाय पडदा? शिवाय चालू ठेवला की माणसं माझ्या खांद्यावरून वाचतात."

ही शालनताईंची आणि माझी पहिली भेट. विरजण राहूनच गेलं.

शालनताई मुंबईत एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होत्या. बाहेरून फोन आला की तो हव्या त्या माणसाला जोडून द्यायचा, हे काम त्यांनी विशीपासून केलेलं. त्यामुळे त्यांना दोन आवाज होते. घरातला आवाज चिपळूणकडचा, घाईचा, हेल काढून बोलणारा. फोन उचलला की दुसरा आवाज लागायचा, इस्त्री करून घडी घातल्यासारखा. आईशी डाळीत मीठ जास्त पडल्यावरून तंटा चालू असताना फोन वाजला, तर "नमस्कार, बोला" या दोन शब्दांत तंट्याचा मागमूस नसे. फोन ठेवला की तंटा जिथे थांबला होता तिथून पुढे.

दिसत नसणाऱ्या माणसांबद्दल लोकांच्या काही कल्पना असतात. त्या सगळ्या शालनताईंनी माझ्या डोक्यातून एकेक करून काढून टाकल्या. मी एकदा म्हटलं, "तुम्हाला पावलांवरून माणूस ओळखता येत असेल ना?"

"छे गं. तुझ्या नवऱ्याला परवा मी गॅसवाला समजून आत सिलेंडर ठेवायला सांगितलं. लोकांना वाटतं, डोळे गेले की कान दुप्पट होतात. मला आईची हाक दोनदा मारल्याशिवाय ऐकू येत नाही. पहिली ऐकायची इच्छा नसते ते वेगळं."

साड्यांची मात्र त्यांना हौस होती, आणि रंगांबद्दल ठाम मतं होती. पुष्कळ दिवस मला त्याचं नवल वाटायचं. मग एकदा त्यांनीच सांगितलं. "दुकानदार मोरपंखी म्हणाला की बाजूला उभ्या असलेल्या बायकांचा आवाज बदलतो. ऊऽ करतात. बदामी म्हटलं की कोणी काही बोलत नाही. मग मी बदामी कशाला घेऊ?" प्रत्येक ब्लाउजच्या आतून त्यांनी वेगळ्या तऱ्हेची दोऱ्याची गाठ मारलेली असे, आणि तिच्यावरून त्या साडीशी जोडी लावत. ती जोडी चुकलेली मी कधी पाहिली नाही. माझी मात्र बरेचदा चुकायची.

तो कॉम्प्युटर त्यांच्याकडे आला तो दादरच्या मावसभावाच्या ऑफिसातून. तिथे नवीन मशीन आल्यावर हे जुनं धूड टेम्पोत एका गादीवर आडवं घालून गोखिवऱ्याला आणलं. अंधांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका संस्थेत त्या शनिवारी जायच्या. वाचून दाखवणारा तो साहेब, म्हणजे फ्लॉपीवरचा प्रोग्राम, तिथूनच मिळालेला. आजींना इंग्रजीचा गंध नव्हता. पहिले काही दिवस त्या डोक्यावर पदर घेऊनच त्या खोलीत जायच्या. पुढे सवय झाली. मग त्या बाहेरूनच विचारायच्या, "आज साहेब एकच शब्द सारखा काय म्हणतोय? बरं नाही का त्याला?"

नव्वदीचं दशक सरत आलं तेव्हाची गोष्ट. शालनताईंच्या बँकेत नवीन यंत्र यायचं ठरलं. फोन करणाऱ्याने आपणच आकडे दाबायचे आणि हवा तो विभाग गाठायचा. ऑपरेटरची गरजच नाही. ज्या ऑपरेटरांना कॉम्प्युटर येतो त्यांना दुसऱ्या टेबलावर घेऊ, असं बँकेच्या वरिष्ठांनी सांगितलं. त्यासाठी परीक्षा होती. पत्र टाइप करायचं, तक्ता करायचा, फाइल शोधून दुरुस्त करायची. जे पास होणार नाहीत त्यांनी लवकर निवृत्ती घ्यावी.

"घरी बसा म्हणतात," शालनताई मला म्हणाल्या. आम्ही गॅलरीत लसूण सोलत होतो. "बसायचं काम मी जन्मभर केलंय. मला सकाळी उठून, साडी नेसून, कुठेतरी जायला आवडतं. तिथे कोणीतरी म्हणतं, तांबेबाई, आज उशीर. ते ऐकायला आवडतं."

त्या झपाट्याने तयारीला लागल्या. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी साहेब बोलायचा, आल्यावर बोलायचा. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलाही फाइल, एडिट, व्ह्यू हे ओळीने पाठ झालं.

त्यात त्यांना ईमेलची हौस आली. परीक्षेत ईमेल विचारतील, असं संस्थेत कोणीतरी म्हणालं होतं. वसईत स्टेशनजवळच्या एका दुकानातून हेमंत म्हात्रे नावाचा मेकॅनिक बोलावला. जवळच्याच जूचंद्र गावचा, तिशीच्या आतबाहेरचा, बोलायला मोकळा. त्याने कॉम्प्युटर उघडून आत मोडेम बसवला, म्हणजे टेलिफोनच्या तारेतून ईमेल आणणारं कार्ड. चहा पिऊन तो गेला. शालनताईंनी मशीन चालू केलं, आणि साहेब बोललाच नाही.

दुसऱ्या दिवशी हेमंत परत आला. त्याने स्पीकर बदलून पाहिले, मशीन बंद करून चालू केलं, मग डोकं खाजवत म्हणाला, "ताई, साउंड कार्डच गेलंय. जुना माल हाय. नवीन टाकायला लागंल."

"नवीन या मशीनमध्ये चालेल?"

खोटं बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता. "कार्ड बसंल. पन त्याला वरचं विंडोज लागंल. ते टाकलं तर मशीन झेपवंल का, आनि तुमचा तो बोलनारा चालंल का, ते मी नाय सांगू शकत."

म्हणजे परीक्षेपर्यंत साहेब नाहीच. इतर कोणाचा कॉम्प्युटर मुका झाला असता तर गाणी ऐकू आली नसती, एवढंच. शालनताईंचा पूर्ण कॉम्प्युटरच गेला. टाइप केलेलं कळणार नाही, चुकलेलं कळणार नाही, आपण कुठे आहोत तेच कळणार नाही. त्या संध्याकाळी आजी आमच्याकडे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "घर किती मोठं वाटतंय गं आज."

रविवारी सकाळी मात्र त्यांनी मला हाक मारली. मी गेले तेव्हा त्या एकच बटण पुन्हा पुन्हा दाबत होत्या आणि आतून एकदा वरच्या, एकदा खालच्या सुरात बारीक पीप ऐकू येत होतं.

"ऐकलंस? हा मशीनच्या पोटातला भोंगा. साहेबाचा आणि याचा काही संबंध नाही. कॅप्सचं बटण चालू केलं की वरचा सूर, बंद केलं की खालचा. म्हणजे मशीन शुद्धीत आहे, फक्त घसा बसलाय. आता घसा का बसला ते बघू. तू मला डोळे दे."

मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "ज्यांना कळतं ते मला धड वाचून दाखवत नाहीत."

आधी त्यांनी मागे हात घालून स्पीकरची पिन काढली आणि तिच्या टोकाला बोट लावलं. स्पीकर भुर्रर्र करून गुरगुरले. "स्पीकर ठीक," त्या म्हणाल्या, आणि पिन चाचपून परत जागेवर लावली. मग मला पडदा चालू करायला लावला. हेमंतचे दोन दिवस सोडले तर किती महिन्यांनी त्यावर उजेड आला असेल कोण जाणे. काचेवर धुळीचा थर होता, तो मी पदराने पुसला.

"आता खाली उजव्या कोपऱ्यात पिवळा कर्णा आहे का? त्याच्यावर लाल फुली?"

"फुली नाही."

"म्हणजे आवाज कोणी बंद केलेला नाही. आता मी बटणं दाबते. जे दिसेल ते वाच."

त्या तोंडपाठ असल्यासारख्या बटणं दाबत गेल्या आणि पडद्यावर खिडक्यांमागून खिडक्या उघडत गेल्या. एके ठिकाणी मशीनच्या सगळ्या भागांची लांबलचक यादी आली. मी ती नजरेने चाळली आणि म्हटलं, "सगळं ठीक दिसतंय."

शालनताईंनी हात बाजूला घेतले. आवाज चढवला नाही, पण घडी घातलेला तो टेलिफोनचा आवाज लावला. "हे बघ. दिसतंय ते वाच. कळलंय ते सांगू नकोस."

मी खजील होऊन पहिल्या ओळीपासून एकेक शब्द वाचायला लागले. माझं इंग्रजी कॉलेजपुरतं. अडखळत, अक्षरं लावत, मी खाली खाली गेले. आणि एका ओळीच्या अलीकडे एवढंसं पिवळं वर्तुळ आणि त्यात उद्गारचिन्ह दिसलं. सगळं ठीक दिसत होतं तेव्हाही ते तिथेच होतं.

"कुठल्या नावापुढे?"

मी वाचलं. त्यात 'साउंड' हा शब्द होता.

त्यांनी ती ओळ उघडायला लावली. आत आणखी आकडे, आणि सगळ्यात खाली एक वाक्य. ते मी दोनदा वाचलं. आवाजाचं कार्ड जो नंबर मागत होतं, तोच नंबर मोडेमनेही घेतला होता.

शालनताई मागे टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं. "एका लाईनीवर दोन कॉल टाकलेत. मग कोणाला काय ऐकू येणार? हे तर माझंच काम झालं गं. यातला एक कॉल काढायचा."

"पण कुठला?"

"नवा आलेला. ईमेल काय, पळून जात नाही."

मशीन बंद करून, वायर काढून, आम्ही ते आडवं केलं. मी पेचकस लावला, पण आत हात त्यांनीच घातला. अंगठ्याने आणि तर्जनीने त्या एकेक कार्ड चाचपत होत्या आणि स्वतःशीच बोलत होत्या. "हा लांबडा, याला मागे तीन गोल भोकं. हा आवाजाचा. हा आखूड, याला चौकोनी भोकं, टेलिफोनच्या वायरची. हा पाहुणा." आखूड कार्ड त्यांनी अलगद वर ओढून काढलं. मग मला खोडरबर आणायला सांगितलं. लांबडं कार्डही काढून, त्याची पितळी कड रबराने घासून, फुंकर मारून, ते परत खाचेत दाबून बसवलं आणि वायरी जागच्या जागी लावल्या. वसईची हवा खारी, लोखंडी खिडक्यांचे गज इथे दोन पावसाळ्यांत गंजतात, कार्ड काय चीज.

आणि लाईट गेले.

आमच्याकडे तेव्हा लाईट जाण्याला काही धरबंध नव्हता. येईपर्यंत वाट बघायची. मी घरी जाऊन कुकर लावला, शालनताई आडव्या झाल्या. लाईट आले तेव्हा जेवणं उरकली होती. मी धावत गेले. मशीन चालू केलं. पिवळं चिन्ह यादीतून गेलं होतं, मी शब्द न् शब्द वाचून खात्री करून घेतली. आणि साहेब तरी मुकाच.

त्या क्षणी पहिल्यांदा मला शालनताईंचा चेहरा पडलेला दिसला. नुसत्या बोटांनी टेबलाची कड पुसत राहिल्या.

दारात आजी उभ्या होत्या. "शालन," त्या म्हणाल्या, "तुम्ही ते उघडून ठेवलं होतंत ना, तेव्हा टेबलावर केवढी धूळ झाली होती. लाईट नव्हते तेव्हा मी पुसलं. पुसताना मागची एक वायर हातात आली. मी परत लावली हो, लगेच."

"कुठे लावलीस?"

"भोकात."

"कुठल्या भोकात, आई?"

आजींना तिथे तीन भोकं आहेत हे ठाऊक नव्हतं. शालनताईंनी मागे हात घातला, पिन काढली, बोटाने बाजूचं भोक शोधलं आणि लावली. खट् असा आवाज स्पीकरमधून आला. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि साहेबांनी अख्खी खोली भरून, काहीच झालं नसल्यासारखं बोलायला सुरुवात केली.

"आला का?" आजींनी विचारलं.

"आला," शालनताई म्हणाल्या, आणि आईचा हात हातात घेऊन इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. "अगं, माइकच्या भोकात घातली होतीस. त्याला बोलायचं होतं आणि तू त्याला ऐकायला बसवलंस."

त्या आठवड्यात हेमंत मोडेम परत न्यायला आला. शालनताईंनी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "मोडेम मीच टाकला, नि मलाच सुचलं नाय बगा." त्यांनी त्याला सुक्या कोळंबीच्या सोड्यांची खिचडी खाऊ घातली. तेव्हापासून तो घरचाच झाला. आमच्या बाजूला काम निघालं की वर डोकावून जायचा, आजींना काय हवं नको विचारायचा.

आणि परीक्षेला त्याच्याशिवाय झालंच नसतं. कारण परीक्षेच्या थोडंच आधी शालनताईंना कळलं, की ज्या हॉलमध्ये परीक्षा होणार तिथल्या कॉम्प्युटरना आवाजच नाही. ऑफिसची मशीनं, कारकुनांनी गाणी ऐकू नयेत म्हणून साउंड कार्ड न घालताच घेतलेली. वरिष्ठ म्हणाले, तुम्हाला एक माणूस देऊ, तो पडद्यावरचं वाचून सांगेल.

"तो कळलेलं सांगेल," शालनताई घरी येऊन म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि हेमंतला फोन लावला.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हेमंतने त्यांच्या मशीनमधून ते लांबडं कार्ड काढलं. आजींनी ते मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं. वर साहेबाच्या आणि कार्डाच्या फ्लॉपी, स्पीकर पिशवीत. पहाटे दोघं निघाले. शालनताईंनी मोरपंखी साडी नेसली होती आणि डबा छातीशी धरला होता, जसं कोणी नैवेद्य घेऊन निघावं तसं.

तिथे काय झालं ते मला हेमंतने सांगितलं. शालनताईंना विचारलं तर "झालं नीट" एवढंच म्हणायच्या.

"तिथला साहेब बोलला, असं चालनार नाय, नियमात नाय," हेमंत सांगत होता. "ताई बोलल्या, नियमात मशीन मुकं ठेवा असं लिवलंय का? लिवलं असंल तर मी परत जाते. तो इचारात पडला. मग बोलला, लावा. मी मशीन खोललं. जुनी खाच होती, नशीब. कार्ड बसवलं. पन ते मशीन काय माझ्या हातातलं नाय, मी घाबरलो. ताई बाजूला बसून एकेक सांगतात, आता हे दाब, आता तो नंबर बघ, पाच असंल तर दुसरा दे. नि मशीन बोललं ना, हॉलमधी सगली मानसं वलून बगाय लागली. इंग्रज आला का काय. ताईंनी पटकन कानाला हेडफोन लावला नि बोलल्या, आता सुरू करू या."

"आणि तो साहेब?"

"तो मागं खुर्ची घेऊन बसला. चहा मागवला त्याने मला. बोलला, आमच्याकडे असा कोन येत नाय."

परीक्षेत शालनताई चांगल्या गुणांनी पास झाल्या. त्यांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. लोक फोन करून तक्रार सांगायचे आणि त्या ऐकता ऐकता टाइप करायच्या. त्यांच्यासाठी ऑफिसने आवाजाचं कार्ड घेतलं. ज्या दिवशी ते बसवलं त्या दिवशी त्या पेढे घेऊन आल्या, आणि पेढा माझ्या तोंडात भरवायला गेल्या तो नेमका गालाला लागला.

पुढची काही वर्षं, घरोघरी कॉम्प्युटर आले तशी, आमच्या बाजूला एक नवीन रीत पडली. कोणाचा कॉम्प्युटर बोलेनासा झाला की आधी तांबेबाईंना फोन. एव्हरशाइनच्या वसाहतीपासून नायगावपर्यंत त्यांचा नंबर पसरला. हेमंतच्या दुकानातूनही लोकांना तोच नंबर मिळायचा. त्या कोणाकडे जायच्या नाहीत. फोनवरच बरं करायच्या. आवाजांना त्यांनी आपली नावं दिली होती. स्पीकरमधून सतत घोंगावणं ऐकू आलं तर ती 'माशी'. चुरचुर, कडकड झाली तर 'पापड'. सूं सूं असेल तर 'फोडणी'. पलीकडच्याला त्या पहिलं हेच विचारायच्या, "माशी आहे की पापड?" माणूस गोंधळायचा, मग ऐकायला लागायचा, आणि बहुतेकदा आपलं आपणच सांगायचा.

नाताळाच्या आधी एकदा निर्मळकडच्या एका गृहस्थांचा फोन आला होता. मी तेव्हा तिथेच भाजी निवडत होते. ते चर्चमधल्या कॉयरला शिकवायचे आणि त्यांना मुलांची गाणी घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या नाताळच्या प्रार्थनेच्या, आधी ऐकवायची होती. पण प्रत्येक गाण्यामागे माशी. दुकानदाराने दोन कार्डं बदलून दिली, माशी तशीच.

"घरात आणखी काय चालू आहे?" शालनताईंनी विचारलं.

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"फ्रिज त्याच बोर्डावर आहे ना? मला तुमच्या बोलण्यामागे ऐकू येतोय. बंद करा आणि परत रेकॉर्ड करा. आणि भिंतीतली अर्थिंगची वायर इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. नसेलच ती."

नव्हतीच. नाताळानंतर ते गृहस्थ सायकलवरून आले, सोबत आपल्या वाडीतल्या केळ्यांची सुकेळी, पानात बांधलेली. शालनताईंना त्यांनी ते गाणं ऐकवायला टेप आणली होती. आजी, मी, शालनताई, सगळ्या बसून ऐकत होतो. मुलं छान गात होती. शालनताई मान डोलावत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "तिसऱ्या रांगेतल्या कोणाला तरी सर्दी आहे." गृहस्थ हसून म्हणाले, "हो, माझ्याच नातवाला."

मी लिहिते आहे ते वाचून कोणाला वाटेल की या बाई सतत दुसऱ्याचं भलं करत बसायच्या. तसं नव्हतं. त्या भांडायच्याही. जिन्यातला दिवा बंद असतो म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीशी त्यांचं वर्षभर वाकडं होतं. सेक्रेटरी एकदा म्हणाला, "तुम्हाला काय फरक पडतो, मॅडम?" त्यावर त्या म्हणाल्या, "मला नाही पडत. पण अंधारात लोक माझ्या अंगावर येऊन आपटतात." दिवा लागला. चुकीचा नंबर लागलेल्या माणसालाही त्या फोनवर कसं बोलावं याचे धडे द्यायच्या. माझ्या नवऱ्याला तर त्यांची धास्तीच होती. तो फोनवर "हां हां" करायचा, आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा, "हां हां नाही, बरं म्हणावं."

मला स्वतःला त्यांनी काय दिलं ते सांगायचं तर, त्या रविवारनंतर मी बरेचदा त्यांच्यासाठी वाचायला बसले. बँकेची परिपत्रकं, औषधांच्या बाटल्यांवरचं बारीक छापलेलं, लग्नाच्या पत्रिका. दिसतंय ते वाचायचं, ही सवय लागली. पुढे मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा मुलांनाही हेच शिकवत राहिले.

काळ बदलत गेला. नवीन कॉम्प्युटरमध्ये आवाज आतच, मुख्य बोर्डवरच बसवलेला यायला लागला. कार्ड, खाच, नंबर, हे सगळं गेलं. शालनताईंना येणारे फोन कमी झाले. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता लोक माझ्याशी कॉम्प्युटर सोडून इतर गोष्टी बोलतील." आणि खरंच, लोक बोलायचे. मुलीचं लग्न, सासूचा गुडघा, कामणला गोदामात लागलेली नोकरी. फोन वाजायचा राहिला नाही.

मग माझ्या नवऱ्याची बदली नाशिकला झाली. निघायच्या दिवशी सकाळपासून ट्रक भरत होते. माझी धावपळ, जिन्यातून कपाटं उतरवताना हमालांचा आरडाओरडा. आजींच्या पाया पडून झालं होतं, त्यांनी बेसनाचे लाडू बांधून दिले होते. शालनताईंशी दोन निवांत शब्द बोलायचे म्हणून मी त्यांच्या दाराशी गेले, तर त्या गॅलरीत फोनवर होत्या. कोणीतरी परगावचा, दमलेला असावा. त्या त्याला समजावत होत्या, तो इस्त्रीचा आवाज नव्हता, घरातलाच आवाज होता. "घाई करू नका. मी आहे इथेच. आधी मला सांगा, नक्की काय काय होतंय. सगळं सांगा." त्यांनी माझी चाहूल ऐकली, आणि रिसीव्हर खांद्याला धरून, न थांबता, फक्त मान हलवून 'एक मिनिट' अशी खूण केली.

खालून नवऱ्याची हाक आली. ट्रकवाला थांबायला तयार नव्हता. मी तशीच जिना उतरले.

खाली आल्यावर वर पाहिलं. शालनताई गॅलरीच्या कठड्याशी आल्या होत्या. फोन अजून कानालाच होता, पलीकडचा माणूस अजून सांगत होता आणि त्या ऐकत होत्या. त्यांनी दुसरा हात उंच केला आणि हलवायला सुरुवात केली. मी ट्रकच्या या बाजूला उभी होते. त्या हात हलवत होत्या ते त्या बाजूला, जिथे पेरूचं झाड होतं तिथे. तोंडभर हसत होत्या.

मी सामानावरून पाय टाकत पलीकडे गेले आणि त्या पेरूखाली, त्यांचा हात हलत होता त्याच्या बरोबर समोर जाऊन उभी राहिले, आणि माझाही हात वर केला.